अब्रूची पट्टी

आमच्या इमारतीच्या मंडळाने यंदा पहिल्यांदाच दिवाळी अंक काढायचं ठरवलंय. संपादक झालेल्या मुलाने मला लिफ्टमध्ये गाठलं. "मास्तर, तुमच्या धंद्यावर लिहा ना काहीतरी. जुनी चाळ, जुनं लालबाग. लोकांना आवडतं." मी म्हटलं, "अरे बाबा, मी जन्मभर बायकांच्या ब्लाऊजच्या पाठी शिवल्या. त्यात सणासुदीला छापण्यासारखं काय आहे?" तो मोठ्याने हसला. त्याच्या आईचा लग्नातला ब्लाऊज मीच शिवला होता, हे त्याला माहीत नसावं. माहीत असतं तर बहुतेक एवढा हसला नसता.

तर मी लेडीज टेलर. हा टॉवर जिथे उभा आहे तिथे आमची चाळ होती आणि तिच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, माझं दुकान. दुकान म्हणजे काय, एक मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकासाठी स्टूल आणि मागे पडदा. पडद्यामागे माझी बायको सुशीला हूक लावत आणि हातशिलाई करत बसायची. समोर मसाला कुटून द्यायचं दुकान. उन्हाळ्यात मिरच्या कुटायला लागल्या की सगळी गल्ली शिंकायची. माप देणारी बाई शिंकली की टेप हलायची, म्हणून मे महिन्यातली मापं मी दोनदा घ्यायचो. आता खाली गाड्यांचं पार्किंग आहे. तिथून जाताना अजूनही माझं नाक उगाचच हुळहुळतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लेडीज टेलर म्हणजे दिवसभर टेप घेऊन बायकांच्या अंगाशी झटणारा माणूस. तसं काही नसतं हो. जुनी गिऱ्हाइकं मापाला उभी राहतच नाहीत. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणून देतात, त्याला मापाचा ब्लाऊज म्हणतात. तो टेबलावर पसरायचा आणि त्यावरून नवा कापायचा. आतल्या शिवणीत थोडं कापड जास्तीचं दुमडून ठेवायचं, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या कापडाला आमच्यात माया म्हणतात. माया न ठेवणारा टेलर कापड वाचवतो आणि गिऱ्हाईक घालवतो.

पण लोकांची समजूत ती समजूत. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा नकारांवर नकार आले. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं दुकान, सगळं चांगलं, आणि मग धंदा कळला की समोरच्यांचा चहा अर्धाच राहायचा. माझी आत्या तर माझ्या आईच्या तोंडावर म्हणाली, "बायकांची मापा घेता तो. तेका आपला चेडू कोण देतलो?" ज्या घरांतून नकार आले, त्या घरांतल्या बायका माझ्याकडेच शिवायला यायच्या, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगाचं माप मला चालत होतं, जावई म्हणून मी चालत नव्हतो.

एके दिवशी चिंचपोकळीहून एक मुलगी आईबरोबर आली आणि मापाचा ब्लाऊज आणला नाही म्हणून मापाला उभी राहिली. मी माप घेतलं, आकडे टिपले, मंगळवारी या म्हटलं. मंगळवारी ब्लाऊज घेऊन गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या घरून स्थळ आलं. तीच सुशीला. मला बघायला आली होती आणि मलाच पत्ता नव्हता. पुढे मी विचारलं, "असं काय बघितलंस?" तर म्हणाली, "तुमची नजर शेवटपर्यंत टेपच्या आकड्यावर होती. एकदासुद्धा हलली नाही. थोडा राग पण आला मला." त्या वाक्यावर आमचा संसार उभा राहिला.

आता पट्टीचं सांगतो.

ब्लाऊजचा मागचा गळा किती खोल ठेवायचा, यावरून मी जेवढी भांडणं बघितली तेवढी कोर्टातल्या वकिलाने बघितली नसतील. मुलगी सांगून जायची, "मास्तर, मागून डीप." तासाभराने तिची आई यायची, "मास्तर, ती काहीही सांगेल. मागून वरपर्यंत घ्या. लोक काय म्हणतील?" मग मुलगी पुन्हा यायची, डोळ्यांत पाणी. मी कोणाचं ऐकणार? एकदा अशाच भांडणात सुशीलेने पडद्याआडून तोडगा काढला. गळा मुलीच्या मनासारखा खोल कापायचा आणि त्याच कापडाची एक वेगळी पट्टी शिवून आतून हुकांनी अडकवायची. पट्टी लावली की पाठ झाकली. काढली की उघडी. घरातून निघताना आईच्या मनासारखं, हॉलवर पोचलं की मुलीच्या.

ती पहिली मुलगी पट्टी बघून इतकी खूश झाली की म्हणाली, "काकी, म्हणजे अब्रू पर्समध्ये टाकून फिरता येईल!" नाव तिथेच पडलं. हळूहळू सगळ्या चाळीत झालं. मुली कापड टाकताना हळूच म्हणायच्या, "मास्तर, अब्रू लावा हं." मी पावतीवर नुसता 'अ' लिहायचो. गणपतीत, नवरात्रात आमच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हूक काढल्याचे आवाज यायचे, टक टक टक. परत येताना तिथेच थांबून अब्रू पुन्हा अडकवली जायची आणि मग पोरी शहाण्यासारख्या जिना चढायच्या.

ही फक्त पोरींचीच गोष्ट असती तर मी गंमत म्हणून सोडून दिली असती. पण पहिल्या माळ्यावरच्या बेबीताई, आमच्या चाळीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यांनीही एकदा भाचीच्या लग्नासाठी कापड टाकलं आणि जाता जाता छताकडे बघत म्हणाल्या, "ते तुम्ही पोरींना काय लावून देता म्हणे, तसं बघा काही जमलं तर." मी बघितलं. जमलं. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक भारी ब्लाऊजला अब्रू लागत गेली. मी कोणाचं कोणाला सांगितलं नाही. माझा धंदाच पाठीचा. पाठीमागे बोलायला लागलो असतो तर दुकान एक दिवस चाललं नसतं.

सगळ्या चाळीत पट्टी न लावणारी बाई एकच होती. आणि अब्रू नाही असं लोक जिच्याबद्दल म्हणायचे, तीही तीच.

वंदना तोडणकर दुसऱ्या माळ्यावर राहायची. नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा तो गावी गेला, तिकडेच दुसरं घर केलं. ही इथे मुलीला घेऊन राहिली. आधी डबे करायची, मग कोणीतरी तिला गोरेगावला सिरियलच्या शूटिंगला नेलं. नायिकेच्या मागे जी बायकांची गर्दी असते ना, हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला, त्या गर्दीत उभं राहायचं काम. त्याला ते लोक क्राऊड म्हणतात. वंदना म्हणायची, "मास्तर, मी क्राऊडला चाललेय." या कामात साड्या-ब्लाऊज स्वतःचेच न्यावे लागतात आणि ते नव्या फॅशनचे असावे लागतात, नाहीतर पुढच्या वेळी बोलावत नाहीत. म्हणून तिच्या ब्लाऊजचे गळे खोल, मागे मोती, लटकनं, कापडात गुंडाळलेली गोल पोटली बटणं. आणि ते घालून, खांद्यावर बॅग टाकून ती भल्या सकाळी समोरच्या दाराने सरळ निघायची, तशीच परत यायची.

मी तिला एकदा म्हटलं होतं, "वंदना, पट्टी लावून देऊ का? जाता-येता बरं पडेल." तिने माझ्याकडे बघितलं. "कोणासाठी मास्तर? तिकडे जाऊन काढायचीच आहे ना? मग इकडे कोणाला फसवू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. साधा हिशोब होता.

चाळीचा हिशोब वेगळा होता. वंदना खाली उतरली की पहिल्या माळ्याच्या कठड्यावर नाकं मुरडली जायची. बेबीताईंच्या हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्या दारांवर जायचं, तिचं दार सोडून. गंमत अशी की संध्याकाळी त्याच बायका टीव्हीसमोर बसायच्या आणि सिरियलमधल्या हळदीकुंकवात वंदनाची पाठ दिसली की "ही बघ आपली वंदना" म्हणून ओरडायच्या. टीव्हीतल्या हळदीकुंकवाला ती चालायची. आणि एका गणपतीत तिचा नवरा चाळीत आला, इतक्या वर्षांनी. सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या, "कधी आलास रे, किती बारीक झालास!" संध्याकाळच्या आरतीला ताट त्याच्या हातात दिलं. त्याची पाठ किती उघडी आहे, हे कोणी टेप लावून बघितलं नाही. वंदना कठड्याला टेकून आरती बघत होती. टाळ्यासुद्धा वाजवत होती. त्या दिवशी मला आमच्या चाळीची लाज वाटली. तसं मी कोणाला म्हणालो नाही, पण आरतीलाही गेलो नाही.

तिची मुलगी अश्विनी शिकली, परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये लागली. तिथेच निखिल नावाचा मुलगा होता, दादरचा, जुन्या शिकल्यासवरलेल्या घरातला. दोघांनी ठरवलं. मुलाने घरी सांगितलं. आणि घरच्यांनी सगळी घरं करतात तेच केलं. चौकशी.

तुम्हाला सांगतो, मुलीची चौकशी करायला आलेली बाई मला दारातच कळते. हातात कापडाचा एकच तुकडा असतो, तोही साडीशी जुळत नसलेला. स्टुलावर बसते, गळ्याचं, बाहीचं काहीच सांगत नाही, आणि दोन मिनिटांनी म्हणते, "तुमच्या चाळीत अमुक राहतात ना?" लोकांना वाटतं लेडीज टेलरला सगळं ठाऊक असतं. निखिलच्या आई, शुभदाताई, अशाच आल्या. करडे केस, नेटकी साडी, बोलणं गोड. आधी बेबीताईंकडे जाऊन आल्या होत्या. बेबीताईंनी काय सांगितलं ते मला पडद्यामागून सुशीलेने नंतर सांगितलं, कारण चाळीत भिंतींना नुसते कान नव्हते, तोंडंही होती. "तुमका म्हणून सांगतंय हां, कोणाक सांगू नकात. पोरगी बरी असा. पण आई शूटिंगला जाते. आता त्या लाइनीत काय काय असता, तुमका सांगाक नको."

शुभदाताईंनी माझ्या टेबलावर कापड ठेवलं आणि विचारलं, "ती तोडणकर बाई कशी आहे हो? चालचलन कसं आहे?"

आता माझी पंचाईत बघा. "चांगली आहे" म्हणावं, तर एका बाईबद्दल लेडीज टेलरने चांगलं बोलणं हेच आधी संशयाचं. ह्याला बरं माहीत? गप्प बसावं, तर लपवतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे. माझ्या लग्नाच्या वेळी जी गोष्ट माझ्या आड आली, तीच आता दुसऱ्याच्या पोरीच्या आड येत होती. शेवटी म्हणालो, "ताई, मी पाठ शिवतो. पाठीमागचं मला विचारू नका. पण एवढं सांगतो, त्या घरात दोन ब्लाऊज एकाच वेळी टाकले जातात तेव्हा आईचा आधी होत नाही, मुलीचा होतो." त्या नुसतं "हं" म्हणाल्या. ते "हं" मला काही आवडलं नाही.

त्यानंतर दादरहून ना हो, ना नाही. अश्विनी सुशीलेपाशी येऊन बसायची, हूक लावायला मदत करायची आणि उलटे लावायची. "काकी, त्याची आई काहीच बोलत नाही. नाही तरी म्हणायचं ना एकदा." निखिल ठाम होता, पण आईच्या मनाविरुद्ध जायचं नाही, हे अश्विनीनेच ठरवलं होतं. ती म्हणायची, "ज्या घरात माझ्या आईला मान नाही, त्या घरात भांडून जाऊ कशाला?" आणि वंदना? ती एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "मास्तर, मी क्राऊड सोडते. सांगा तुम्ही त्यांना. परत डबे करीन. पण पोरीचं होऊ दे." इतक्या वर्षांत मी तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "आधी घाई करू नकोस." पुढे काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

चौकशीसाठी टाकलेला ब्लाऊज शिवायचा तर होताच. मी तो मन लावून शिवला. शुभदाताई घेऊन गेल्या आणि आठवड्यात आणखी दोन कापडं घेऊन आल्या. ब्लाऊज इतका बसला होता की चौकशी बाजूला राहिली आणि बाई माझं गिऱ्हाईक झाल्या. प्रत्येक खेपेला मी वाट बघायचो, आता काही बोलतील. त्या बाहीबद्दल बोलायच्या.

नवरात्राच्या सुमाराला त्या आल्या त्या हातात मोबाईल घेऊनच. नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. "मास्तर, मला अगदी असाच हवा." मोबाईलवर फोटो. कुठल्याशा सिरियलमधलं लग्न, नायिका पुढे अंधूक, आणि तिच्या मागे पाठमोरी उभी असलेली एक बाई, ठळक. आंबा रंगाची साडी, जांभळा ब्लाऊज, खोल गळा, मध्ये तीन पोटली बटणं. "आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय हा फोटो. बाई कोण आहे कुणास ठाऊक, पण उभी कशी आहे बघा. काय खानदानी पाठ आहे! घरंदाज वाटते की नाही?"

मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. गरज नव्हती. माझंच काम मी अंधारात चाचपून ओळखीन. त्या ब्लाऊजचा मागचा गळा उजवीकडे किंचित वर घेतलेला होता. वर्षानुवर्षं डब्यांची पिशवी वाहून वंदनाचा उजवा खांदा थोडा खाली आलाय, म्हणून तिचा गळा मी नेहमी तसाच कापतो, म्हणजे दिसताना सरळ दिसतो. खानदानी पाठ म्हणतात ती ही.

"फक्त एक करा," शुभदाताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या सासूबाई असणार लग्नात. तेव्हा मागून काही लावता येईल का? म्हणजे... काढता-घालता येईल असं?"

पडद्यामागे सुशीलेला खोकला आला. मला माहीत आहे, तो खोकला नव्हता.

मी म्हटलं, "लावू की. पण ताई, हा गळा फोटोवरून कापायचा नाही. मापाचा ब्लाऊज समोर पाहिजे. ज्या बाईंचा आहे, त्या माझ्या गिऱ्हाईक आहेत. विचारून बघतो देतात का." "अय्या, खरंच?" त्या स्टुलावर सावरून बसल्या. सुशीला पडद्याआडून निघून जिना चढलीसुद्धा. हे मी मुद्दाम केलं का? थोडं मुद्दाम केलं. पण धंद्याच्या दृष्टीनेही ते खोटं नव्हतं.

वंदना खाली आली ती मॅक्सीवर ओढणी टाकून, हाताला पीठ, काखेत ब्लाऊजची पिशवी. कोणासाठी बोलावलंय हे तिला ठाऊक नव्हतं. सुशीलेने फक्त "एका ताईंना तुझा जांभळा ब्लाऊज आवडलाय" एवढंच सांगितलं होतं.

"घ्या ना ताई, त्यात काय! शिवून झाला की द्या परत. बटणांना तेवढं जपा, मास्तरांनी जीव ओतलाय त्यात."

"म्हणजे तुम्ही टीव्हीवर असता?" शुभदाताईंचे डोळे चमकले. बेबीताईंनी सांगितलेली 'शूटिंगला जाणारी' ती हीच, हे त्या पिठाच्या हातांकडे बघून त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"मी कसली टीव्हीवर! माझी पाठ असते टीव्हीवर. चेहरा हिरोइनचा."

शुभदाताई खळखळून हसल्या. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, सिरियलमधली ती सासू खरोखर तशीच आहे का, जेवण काय देतात, दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत का. वंदना पिठाचे हात हलवत सांगत होती, दारूच्या सीनमधलं कोकम सरबत, लग्नाच्या सीनमधले शिळे लाडू. "एकच लग्न चार दिवस चालतं ताई. चार दिवस मी त्याच नवरीवर अक्षता टाकत होते. शेवटी म्हटलं, बाई, नांद आता." माझं छोटंसं दुकान हसण्याने भरून गेलं. मला त्या दोघींना थांबवावंसं वाटत नव्हतं. पण न सांगणं ही फसवणूक झाली असती.

"वंदना," मी म्हटलं, "ह्या दादरच्या शुभदाताई. निखिलच्या आई. ताई, ही अश्विनीची आई."

हसू दोघींच्याही तोंडावर तसंच अर्धं राहिलं. आणि वंदनाचा हात, पिठाचा, मागे गेला आणि तिने ओढणी पाठीवर ओढून घेतली. मॅक्सीचा गळा बंदच होता हो. झाकण्यासारखं काही नव्हतंच. तरी हात गेला. मला फार वाईट वाटलं.

शुभदाताईंनी हातातल्या मोबाईलकडे बघितलं, मग वंदनाकडे. आपणच काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं, खानदानी, घरंदाज. समोर मसाला कुटण्याचा आवाज चालू होता. मग त्या उठल्या, वंदनाच्या काखेतली पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या, "मास्तर, नणंदेच्या मुलाच्या लग्नाला मी जुनंच काहीतरी घालीन. हा सावकाश शिवा." आणि वंदनाकडे वळून, "आपल्या घरच्या लग्नात घालते. तुमची हरकत नसेल तर आम्ही रविवारी येतो."

वंदनाने पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि तोंडभर पीठ करून घेतलं.

त्या बाईंचं मन खरोखर बदललं, की आपली विहीण टीव्हीवर असते याची भुरळ पडली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साखरपुड्यात त्या सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या विहीणबाई सिरियलमध्ये असतात हं." तीच गोष्ट काही महिन्यांपूर्वी 'शूटिंगला जाते' अशी होती. बेबीताईही बदलल्या. "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, पोरगी गुणाची आणि आई त्याहून," असं त्या मलाच सांगायला आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं वंदनाकडे गेलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे.

लग्नाचे ब्लाऊज सगळे माझ्याकडे. अश्विनीचे टाकताना वंदना म्हणाली, "मास्तर, आत भरपूर माया सोडा. सासरी सुखात राहिली की अंग भरेल." मी म्हटलं, "सोडतो. तुझा कसा शिवू?" ती थोडा वेळ कापडावरून हात फिरवत राहिली.

"नेहमीसारखाच गळा. पण पट्टी लावा."

मी वर बघितलं.

"तिच्या आजेसासूबाई असणार. दादरचे सगळे पाव्हणे. पोरीला पहिल्याच दिवशी माझ्यावरून कोणी काही बोलायला नको. एक दिवस काय, लावेन मी."

मी चाळीत किती पट्ट्या शिवल्या याला मोजदाद नाही. एकीचंही मला कधी काही वाटलं नव्हतं. ही शिवताना मात्र मन लागेना. सुशीला म्हणाली, "आणा इकडे," आणि हूक तिनेच लावले. पावतीवर मी 'अ' लिहिला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

दादरच्या हॉलमध्ये लग्न झालं. सकाळी विधींच्या वेळी शुभदाताईंच्या पाठीला अब्रू होती, बेबीताईंच्या होती, वंदनाच्या होती. जेवणं झाली, आजेसासूबाई खोलीत जाऊन आडव्या झाल्या, आणि संध्याकाळी रिसेप्शनला बघतो तर शुभदाताईंची पाठ मोकळी, मधोमध तीन पोटली बटणं, फोटोवर फोटो चाललेले. बेबीताईंची मोकळी. चाळीतल्या सगळ्या लेकीसुनांच्या मोकळ्या. वंदना तेवढी तशीच, पट्टी लावून, दारात उभं राहून आल्या-गेल्याला नमस्कार करत होती. माझ्या मागच्या खुर्चीवर कोणीतरी म्हणालं, "वंदना सुधारली बाई." सुशीलेने मागे वळून बघितलं. तिला आवरता आवरता माझ्या हातातलं आइस्क्रीम विरघळून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक वंदना. अंगावर रोजचा खोल गळ्याचा ब्लाऊज, खांद्याला बॅग. क्राऊडला निघाली होती. लेक सासरी गेल्याचं रडून डोळे सुजले होते, तरी काजळ घातलेलं. तिने पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"ठेवा मास्तर. मला काही आता लागायची नाही."

मी पट्टी उचलून सरळ केली. चार बोटं रुंद, वितीएवढी लांब, टोकांना सुशीलेने लावलेले हूक. वंदना वाकून तिच्याकडे बघत राहिली, आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघत असल्यासारखी.

"मास्तर," ती म्हणाली, "एवढीशीच असते होय ही? मी उगाच इतकी वर्षं घाबरून होते."